तीनशे वर्षांची राखण

कारखान्यात त्यांना सगळे किरणसाहेब म्हणायचे. ते त्यांचं नाव नव्हतं, हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. मी प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून नवी रुजू झाले होते आणि रोज सकाळी त्यांना "गुड मॉर्निंग, किरण सर" म्हणत होते. ते दर वेळी थांबायचे, चष्मा वर सरकवायचे आणि मिलच्या दिशेनं बोट दाखवून म्हणायचे, "किरण तिकडे आहेत. मी इकडे आहे." मला वाटलं, मिल हाउसमध्ये किरण नावाचा दुसरा कुणी साहेब बसतो. एकदा मी त्या किरण साहेबांची सही आणायला तिकडं गेले, तेव्हा अख्खी शिफ्ट पोट धरून हसली.

तिकडं होतं ते एक पिवळं भांडं. तोडलेला ऊस उंचावरून ज्या लोखंडी चुटीतून मिलमध्ये पडतो, तिच्या अंगाला ते बोल्टनं आवळलेलं होतं. आकारानं कळशीएवढं, पण आत शिसं ठासून भरलेलं, त्यामुळं दोघा गड्यांनाही हलेना. शिशाच्या पोटात करंगळीच्या पेराएवढी पोलादी कुपी होती आणि कुपीत किरणोत्सर्गी सीझियम. चुटीच्या एका अंगानं किरण सोडायचे आणि दुसऱ्या अंगाला ते किती पोचले ते मोजायचे. ऊस जास्त असला की कमी पोचतात. त्यावरून चूट किती भरली ते कळायचं आणि पट्टा आपोआप हळू किंवा जोरात चालायचा. आमच्यासारख्या सहकारी कारखान्याला हे यंत्र म्हणजे मोठा बडेजाव होता. पाहुणे आले की चेअरमन आधी गणपतीचं देऊळ दाखवायचे आणि मग हे.

किरणसाहेब त्या भांड्याचे अधिकृत राखणदार. शिक्षणानं इंजिनियर, मुंबईला जाऊन परीक्षा देऊन आलेले. शर्टाच्या खिशावर किरण मोजणारा बिल्ला लावायचे, तो दर तिमाहीला तपासायला मुंबईला जायचा. आमच्या अकाउंटंटच्या मुलीच्या लग्नातही तो बिल्ला खिशावर होता. वरमाईनं विचारलं, "हे काय, पाहुणे कुठल्या पार्टीचे?" तर हे म्हणाले, "कुठल्याच नाही. मोजतोय फक्त."

माणसांपासून ते लांब राहायचे. हातात हात द्यायचे नाहीत, लांबूनच नमस्कार. त्यांचं टेबल कारखान्यात सगळ्यात रुंद होतं आणि समोरची खुर्ची त्यांनी भिंतीला टेकवून ठेवलेली, पुढं ओढू द्यायचे नाहीत. कुणाच्या हातचा चहा नाही, पाणी स्वतःच्या बाटलीतलं. "वेळ कमी, अंतर जास्त, मधे आडोसा" असं ते भांड्याबद्दल शिकवायचे, पण वागायचे मात्र सगळ्यांशीच तसे. बायको माहेरी लातूरला निघून गेली ती परत आली नाही असं लोक बोलायचे. ते खरं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

त्यांचा संताप मी पहिल्यांदा पाहिला तो गणपतीत. कॉलनीतल्या पोरांनी मंडप सजवला होता. पेंटरला भांड्यावरची किरणांच्या धोक्याची तीन पाकळ्यांची खूण लई आवडली, आणि त्यानं गणपतीच्या मागं सगळ्या पडद्यावर तीच खूण काढली, लाल, निळी, सोनेरी. आरतीला लोक जमलेले. किरणसाहेब आले, पडद्याकडं बघितलं आणि बादलीतलं पाणी सरळ पडद्यावर ओतलं. रंग वाहायला लागला. पोरं धावून आली.

"हे फूल नाही!" ते ओरडले. त्यांचा आवाज फाटला होता. "हे कुठंही दिसलं की पळायचं असतं. तुम्ही लेकरांना ह्याच्यापुढं हात जोडायला शिकवताय!"

त्या वर्षी त्यांना वर्गणी कुणी मागितली नाही. मला मात्र तो आवाज विसरता आला नाही. इतका शांत माणूस एवढा घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता.

रोज सकाळी गेटवर आल्यावर त्यांचा एकच प्रश्न असायचा. वॉचमन बाबुरावला ते विचारायचे, "आहे ना?" बाबुराव म्हणायचा, "हाय." बस्स. बाबुरावला मुलगी झाली त्या दिवशीही हाच प्रश्न. दिवाळीच्या सुट्टीतही ते गावाहून ऑफिसात फोन करायचे आणि कुणीही उचलला तरी म्हणायचे, "बाबुरावला विचारा, आहे ना?" बाबुराव आमच्यात येऊन नक्कल करायचा. "बायकू पळून गेली तर इचारलं न्हाई, आन् ह्या मडक्याची रोज हजेरी!"

मग पाऊस गेला. एक वर्ष गेलं, दुसरं वर्ष गेलं. धारूरच्या डोंगराकडून येणारे ढग नुसते बघून जायचे. उभा ऊस लोकांनी जनावरांना घातला आणि गाळपाला काही उरलंच नाही. कारखाना बंद पडला. कामगार एकेक करून पुण्याला, नगरला गेले. ज्यांना ऊसतोडीची सवय होती ते कोल्हापूरकडं गेले. आम्ही थोडे उरलो. मी उरले कारण माझे सासरे आजारी होते आणि घर जवळ होतं. किरणसाहेब उरले कारण भांडं होतं.

त्यांनी मुंबईला कळवलं होतं. बंद पडलेल्या कारखान्यात असली वस्तू ठेवायची नसते, ती परत पाठवायची असते, असा नियम. मुंबईहून परवानगीही आली. फक्त संचालक मंडळानं ठराव करून गाडीची सोय करायची होती. पण मंडळ ठराव करेना. चेअरमनला सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी किरणसाहेबांना केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मी तिथंच होते, पाण्याच्या नमुन्याचे रिपोर्ट द्यायला गेले होते.

"साहेब, उद्या पाऊस झाला, ऊस उभा राहिला, तर हे परत कुठून आणायचं?" अण्णा म्हणाले. "आज मडकं पाठवलं, म्हंजे कारखाना मेला असं आपुनच सांगितल्यासारखं हाय. सभासदाला काय तोंड दावू?"

त्यात लबाडी नव्हती, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं. भांडं जागेवर असणं म्हणजे कारखाना पुन्हा सुरू होणार, एवढीच ती आशा होती. किरणसाहेब म्हणाले, "अण्णा, तुमची आशा त्या भांड्यात ठेवू नका." आणि त्यांनी भांड्याची झडप बंद करून कुलूप घातलं, मिल हाउसच्या दाराला दुसरं कुलूप घातलं आणि दोन्ही किल्ल्या गळ्यात बांधल्या.

पुढच्या उन्हाळ्यात कारखान्याच्या आवारात चारा छावणी सुरू झाली. जिथं उसाच्या गाड्या उभ्या राहायच्या तिथं पत्र्याच्या आणि शेवरीच्या काड्यांच्या मांडवाखाली गुरं बांधलेली. आसपासच्या गावांतली माणसं गुरांसोबत तिथंच मुक्कामाला आली. मागच्या बाजूला, गोदामाच्या पलीकडं, धनगरांची चार पालं पडली. मेंढरांना छावणीत चारा मिळत नव्हता, पण पाण्याच्या हौदावर त्यांना कुणी अडवत नव्हतं. त्या पालांत एक सगुणाबाई होती. नवरा वारलेला, मुलं तोडीला गेलेली. चाळीसेक मेंढरं एकटी सांभाळायची. बोलायला फटकळ. माझ्याशी तिची ओळख हौदावर झाली. मी पाण्याचा नमुना बाटलीत भरत होते आणि तिनं विचारलं, "बाटलीभर पाणी नेऊन काय करती गं? तपासून त्याची घागर हुती का?"

त्याच दिवसांत अण्णांच्या पुतण्यानं उसाच्या रसाचे जुने पाइप आणि टाक्या भंगारात काढल्या. भंगारवाला परगावचा होता. ट्रक आला, गॅस कटर आले. किरणसाहेब त्या रविवारी लातूरला गेले होते, कशाला ते माहीत नाही. सोमवारी सकाळी ते गेटवर आले आणि नेहमीसारखं विचारलं, "आहे ना?"

बाबुराव खाली बघत राहिला.

"बाबुराव?"

"न्हाई," बाबुराव म्हणाला. "काल पुतणेसाहेबांनी दार कापायला लावलं. मी न्हाई म्हनलो. त्येनी ऐकलं न्हाई."

मी तेव्हा प्रयोगशाळेच्या दारात होते. किरणसाहेबांच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली आणि घरंगळत गेली. तिच्याकडं त्यांनी बघितलंही नाही. ते पळत सुटले. पन्नाशी ओलांडलेला, कधीही भरभर न चालणारा माणूस चपला सोडून पळत होता. मीही मागं गेले.

भांडं गोदामाच्या मागं सापडलं. म्हणजे त्याचं पिवळं कवच सापडलं. घणानं फोडलं होतं आणि आतलं शिसं खरवडून नेलं होतं. शिशाला भाव असतो. त्या खुणेनं कुणी पळालं नव्हतं. ती खूण वरच्या अंगाला होती आणि घणाच्या घावानं मधोमध चेपली होती. आतली कुपी तिथं नव्हती.

"मागं हो," ते मला म्हणाले. मी मागं झाले. त्यांनी पिशवीतून मोजायचं यंत्र काढलं, दांडी असलेलं, किरण लागले की टकटक वाजणारं. कवचाजवळ ते जवळजवळ गप्पच राहिलं. म्हणजे कुपी तिथं नाही. मग कुठं?

त्या दिवशी दुपारपर्यंत ते छावणीतून यंत्र घेऊन फिरले. शेणाच्या ढिगावरून, कडब्याच्या गंजीभोवती, माणसांच्या चुलींपाशी. लोक हसत होते. "साहेब सोनं हुडकायलेत काय?" मला कुणी काही विचारलं तर काय सांगावं ते कळेना. मी त्यांच्या मागं, त्यांनी सांगितलेल्या अंतरावर चालत होते. इथं शेकडो माणसं राहतात, स्वयंपाक करतात, लहान लेकरं मातीत खेळतात, आणि त्यातच कुठंतरी ती पेराएवढी वस्तू पडलेली आहे, जिला रंग नाही, वास नाही.

हौदापाशी आम्ही आलो तेव्हा यंत्र वाजायला लागलं. टक, टक, टकटक. किरणसाहेब जागीच थांबले. आवाज वाढला. ते एक पाऊलही हलले नव्हते, तरी आवाज वाढत होता. मग कमी झाला. परत वाढला. त्यांनी सेल काढून नवे घातले. तेच.

"हे बिघडलं का?" मी विचारलं.

तेवढ्यात पालांच्या बाजूनं धुरळा उठला आणि सगुणाबाईची मेंढरं पाण्यावर आली. पुढं एक थोराड मेंढी, गळ्यात घंटा. ती जशी जवळ आली तशी टकटक एकमेकांत मिसळून सलग खरखर झाली. काटा पलीकडच्या टोकाला जाऊन टेकला.

"ते चालतंय," किरणसाहेब म्हणाले. एवढ्या हळू की मला दुसऱ्यांदा विचारावंसं वाटलं, पण विचारायची गरज नव्हती.

मग ते ओरडले, "बाई! ती मेंढी सोडा! इकडं या, लांब या!"

"कावून?" सगुणाबाईनं कमरेवर हात ठेवला. "माझी मेंढी हाय."

"आधी या. मग सांगतो. हात जोडतो तुम्हाला."

त्या माणसाला कुणापुढं हात जोडताना मी त्याआधी बघितलं नव्हतं. सगुणाबाईही चरकली असावी, कारण ती आली. त्यांनी विचारलं, घंटा कुठली. घंटा जुनीच, ती म्हणाली, पण आतला लोळा पडून हरवला होता, घंटा मुकी झाली होती. काल दुपारी गोदामामागं एक चकचकीत तुकडा सापडला, टोकाला खाच असलेला. तारेनं तोच आत बांधला. "लई गोड वाजती आता," ती म्हणाली.

"हात दाखवा," साहेब म्हणाले.

तिनं उजवा हात पुढं केला. अंगठा आणि पहिली दोन बोटं लाल झाली होती, सुजली होती. "चुलीवर भाजलं आसंल," ती म्हणाली, पण म्हणता म्हणता माझ्या तोंडाकडं बघायला लागली, आणि माझ्या तोंडावर जे काही होतं ते बघून तिनं हात पदराखाली घेतला. मेंढीच्या गळ्याखाली लोकर विस्कटली होती. आतली कातडी लालभडक दिसत होती.

पुढचं सगळं त्यांनी ज्या तऱ्हेनं केलं ते आठवलं की मी अजून थक्क होते. ते माणसांवर चिडणारे, पडद्यावर पाणी ओतणारे साहेब राहिलेच नाहीत. बाबुरावला सगळ्यांना हौदापासून लांब न्यायला सांगितलं. वर्कशॉपच्या इब्राहीमभाई फिटरला मिलच्या तुटलेल्या रोलरचं जाड ओतीव कवच गोदामाशेजारी उभं करून ठेवायला सांगितलं. पण मेंढी कुणाच्या मागं जाईना. ती फक्त सगुणाबाईच्या हाकेला यायची. तेव्हा सगुणाबाईला त्यांनी गोदामाच्या जाड दगडी भिंतीच्या आड उभं केलं आणि तिथून हाक मारायला लावली. भिंतीपलीकडून तिचा "हुर्रर्र, ये, ये" असा आवाज यायचा आणि मेंढी भिंतीच्या कडेनं त्या आवाजामागं चालायची.

धनगर बाभळीचा पाला पाडायला लांब बांबूला विळा बांधतात, ती आकडी. सगुणाबाईचीच आकडी साहेबांनी घेतली. मेंढी भिंत आणि कडब्याच्या मधल्या बोळात आली, पुढं वाट नव्हती म्हणून थांबली. त्यांनी हात पूर्ण लांबवला, घंटेच्या दोरात विळा अडकवला आणि ओढला. दोर तुटला. घंटा जमिनीवर पडली आणि खरंच गोड वाजली. त्यांनी घंटा आकडीनंच उचलली, उलटी, आणि भरभर चालत रोलरच्या पोकळीत टाकली. इब्राहीमभाईंनी साखळीनं वरून लोखंडाचा जाड ठोकळा सोडला. मग वाळूची पोती. यंत्र गप्प झालं. साहेब मागं आले आणि जमिनीवर बसले.

"झालं का?" मी विचारलं.

"अर्धं," ते म्हणाले.

उरलेलं अर्धं म्हणजे अण्णा होते, हे तासाभरात कळलं. जीप आली. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. पुतण्याचं नाव निघाल्यावर त्यांचा चेहरा उतरला, पण तो क्षणभरच. मग त्यांनी आवारातल्या जुन्या आडाकडं बोट दाखवलं.

"आड ठणठणीत कोरडा हाय. टाका आत. वरून दोन ट्रॅक्टर मुरूम. विषय संपला."

"मुंबईला कळवलंय मी," साहेब म्हणाले. "त्यांची माणसं निघाली आहेत. देशात ह्याची जागा ठरलेली आहे. तिथंच जायला पाहिजे."

"आन् तवर बातमी फुटली तर? कलेक्टर उद्या छावणी उठवंल. ही जनावरं घिऊन लोकांनी कुठं जायचं? तुमच्या घरी?"

गुरंवाली माणसं लांब घोळका करून उभी होती आणि त्यांच्या डोळ्यांत मला दिसलं की अण्णांचं बोलणं त्यांना पटतंय. गावी ना चारा ना पाणी. छावणी उठली की जनावर गेलं.

साहेब त्यांच्याकडं वळले. "आडात टाकलं तर आज कुणाला काही होणार नाही," ते म्हणाले. "मी खोटं सांगत नाही. अण्णा म्हणतात ते आजपुरतं खरं आहे. पण पाऊस येईल. ह्या साली नाही तर पुढच्या. आडाला पाणी येईल. तुम्हीच कधीतरी हा आड उपसाल, गाळ काढाल, शेतात टाकाल. तेव्हा सांगायला मी नसेन."

"किती दिस ऱ्हातं हे?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. तो आष्टीकडचा होता, दोन म्हशी घेऊन आलेला.

"तीस वर्षांनी निम्मं होतं. आणखी तीस वर्षांनी त्याच्या निम्मं. तीनशे वर्षं तरी राखावं लागतं."

तो म्हातारा हसला नाही. "रझाकार आले, गेले," तो म्हणाला. "निजाम गेला. कारखाना आला, कारखाना बी गेला. हे समदं माझ्या एका जल्मात. तीनशे वर्सं कोन राखतंय साहेब?"

"सरकार. सगळ्या देशाचं असलं सगळं तिथं जातं. दवाखान्यांचं, कारखान्यांचं. सिमेंटात बसवतात, काँक्रीटच्या खंदकात ठेवतात. भोवती बोअर पाडून पाणी तपासत राहतात. पहारा असतो."

"आन् सरकारबी गेलं तर?"

किरणसाहेबांनी चष्मा काढला. "ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "पण आडात टाकलं तर आजपासूनच राखणारं कुणी नाही."

सगुणाबाई मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, मेंढीला उभं राहवत नव्हतं. ती तिथूनच म्हणाली, "आडात न्हाई टाकायचं. माझ्या हाताला झालं ते झालं. उद्या गाळ काढणाऱ्या बाईला कोन सांगणार हाय?"

अण्णांना बहुतेक बोलायचं होतं, पण म्हातारा उठला आणि आपल्या म्हशींची दावी सोडायला लागला. "पल्याडच्या रानात बांधू," तो म्हणाला. "तिथं बी सावली हायच की." एकामागून एक सगळ्यांनी गुरं सोडली. संध्याकाळपर्यंत छावणी रस्त्यापलीकडं गेली होती, कुणी हुकूम न देता. ती उठवावी लागलीच नाही.

मुंबईची माणसं आली, त्यांनी कुपी तपासली. फुटली नव्हती, काही सांडलं नव्हतं. त्यांनी ती एका जाडजूड पिंपात बंद केली आणि पोलिसांच्या गाडीसोबत नेली. भंगारवाल्याचा एक माणूस हात भाजलेला सापडला. सगुणाबाईला आणि त्याला मुंबईच्या दवाखान्यात नेलं. मेंढी तिसऱ्या दिवशी मेली. ती खोल पुरायला लावली.

सगुणाबाई परत आली तेव्हा तिचा हात बांधलेला होता. दोन बोटांची पेरं काढावी लागली होती. त्याहून वाईट म्हणजे तिच्याजवळ कुणी जाईना. टँकरला रांग लागली की बायका तिला म्हणायच्या, "तू लांब ऱ्हा, तुझ्या अंगात ते शिरलंय." तिचा दीर मेंढरं घ्यायला आला आणि लांबूनच हाका मारून घेऊन गेला. मी डॉक्टरांचं सांगणं सगळ्यांना सांगत होते, पण ऐकत कोण होतं? मीही शेवटी कारखान्याचीच.

एका दुपारी टँकर आला होता. सगुणाबाई रांगेपासून लांब, झाडाखाली रिकामी कळशी घेऊन बसलेली. किरणसाहेब आले. रांगेतून पुढं गेले, तिची कळशी भरून आणली आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ. "बाई, पाणी द्या," ते म्हणाले. तिनं तांब्या बुडवून त्यांच्यापुढं धरला, डाव्या हातानं. त्यांनी तो घेतला आणि तोंड लावून सगळा प्याले. रांगेतल्या बायका बघत होत्या. मी बघत होते. साहेब अंग आखडून बसले होते. ते किरणांना भीत नव्हते, ह्याची मला खात्री आहे. माणसाच्या इतक्या जवळ बसायची सवयच नव्हती त्यांना.

"अजून द्या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रांगेतली एक बाई सगुणाबाईच्या मागं उभी राहिली. मग दुसरी.

चौकशी झाली ती बीडला. मला साक्षीला बोलावलं होतं. पुतण्या, भंगारवाला, कापलेलं दार, मी सगळं सांगितलं. अण्णांच्या वकिलानं म्हटलं की ती वस्तू साहेबांच्या ताब्यातली होती. अधिकाऱ्यांनी साहेबांना विचारलं, खरं का?

"खरं," साहेब म्हणाले. "राखायची जबाबदारी माझी होती."

मी उठून उभी राहिले. अधिकारी पुढं काही विचारायच्या आत मी ओरडून म्हटलं, "ह्यांनी किती वेळा सांगितलं होतं! मंडळानंच ठराव केला नाही!" साहेबांनी मला हातानं खाली बसायची खूण केली. पुतण्यावर आणि भंगारवाल्यावर खटला चालला. पण साहेबांची परवानगी रद्द झाली आणि कारखान्यानं त्यांना काढून टाकलं. अण्णा पुढची निवडणूक जिंकले. बाहेर आल्यावर मी रडत होते, रागानं. "तुम्ही कावून पत्करलं?" मी विचारलं. कधी नव्हे ते माझ्या तोंडून घरची बोली आली.

"पत्करलं कुठं," ते म्हणाले. "भांडं गेलं तेव्हा मी गावाला होतो."

ते जायला निघाले त्या दिवशी मी फाट्यावर गेले होते. एक ट्रंक, एक वळकटी. सगुणाबाई रस्त्याच्या कडेनं चालत आली. दिरानं मेंढरं परत दिली होती, ती मागं थांबली होती. ती सरळ साहेबांपुढं उभी राहिली आणि दोन्ही हात त्यांच्या तोंडावरून उतरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. डाव्या हाताची बोटं कडाकडा वाजली. उजव्याची दोन वाजली नाहीत. साहेबांनी ते ऐकलं. त्यांची मान खाली गेली.

"बाई," ते म्हणाले, "त्या रविवारी मी इथं असतो तर..."

"तर तुमाला बी दाराबाहेर काढलं असतं त्येनी," सगुणाबाई म्हणाली. एसटी वळणावर दिसायला लागली होती. तिनं त्यांची वळकटी डाव्या हातानं उचलून त्यांच्या काखेत दिली. "गाडी आली. फुडं बसा, मागं लई हादरतं."